बेंचभोवतीची खडूची रेघ

माणसं एकमेकांपासून किती अंतरावर उभी राहतात, हे बघण्याची मला खोड आहे. बँकेतली रांग, एसटीचा थांबा, लग्नाचा मांडव, कुठंही गेलो तरी माझं लक्ष आधी तिकडं जातं. मांडवात दोन व्याही किती अंतर ठेवून उभे आहेत, यावरून आतल्या मानपानाचं काय चाललंय ते मी बायकोच्या कानात सांगतो. ती म्हणते, "तुम्ही लग्नाला आलाय की मोजमापं घ्यायला?" तिचं बरोबर आहे. पण ज्यानं वीसेक वर्षं मंचरला जिम चालवली, त्याला दुसरं काय दिसणार?

आमची जिम कांदा-बटाट्याच्या गोदामावर, पहिल्या मजल्यावर होती. खाली गोण्या आणि वर आम्ही. हंगामात नवा माणूस पहिल्या दिवशी डोळे चोळत व्यायाम करायचा आणि त्याला वाटायचं, व्यायामानं डोळ्यांतून पाणी येतं. समोरच्या हायवेवरून भरलेला ट्रक गेला की स्टँडवरचे डंबेल हलकेच किणकिणायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी ती जागा घेतली तेव्हा लोक विचारत, "साळवे सर, पैसे देऊन वजन उचलायचं? मग आमचे हमाल काय करत्यात?"

बाहेरच्यांना वाटतं, जिम चालवणं म्हणजे व्यायाम शिकवणं. ते काम महिन्याभराचं. उरलेली सगळी वर्षं मी लोकांना एकमेकांच्या अंगावरून बाजूला करण्यात घालवली. एक जण डंबेल मारतोय, दुसरा त्याच्या आणि आरशाच्या मधे येऊन स्वतःचा दंड बघतोय. एकाचा सेट संपला तरी तो बेंचवरच बसून भाच्याच्या लग्नाचं सांगतोय आणि मागचा अवघडून उभा आहे. घामानं थबथबलेलं बेंच न पुसता जाणारे तर किती. मी भिंतीवर पाटी लावली होती, 'बेंच पुसा, वजनं जागेवर ठेवा, झालं का ते विचारा.' पाटी सगळे वाचायचे. वाचून एकमेकांना सांगायचे, "बघ, तुझ्यासाठी लावलीय."

बेंच म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची गोष्ट तिथंच घडली. ते अरुंद बाकडं असतं. त्यावर उताणं झोपायचं, डोक्याच्या बाजूला दोन हुकांवर ठेवलेला लोखंडी रॉड उचलायचा, छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. झाला व्यायाम की रॉड हुकांवर ठेवायचा. त्याचा 'ठण्ण' असा आवाज होतो. दमून हात थांबले तर रॉड छातीवरच राहतो आणि मग त्या माणसाएवढा असहाय माणूस अख्ख्या मंचरमध्ये सापडायचा नाही. म्हणून डोक्यामागं एक जण उभा राहतो. हात जवळ ठेवायचे, पण गरज पडल्याशिवाय लावायचे नाहीत. त्याला आम्ही सपोर्ट म्हणतो. वाटतं सोपं, पण हात जवळ ठेवून गप्प उभं राहणं भल्याभल्यांना जमत नाही.

मलाही ते शिकावं लागलं, कारण मी तालमीतला. तालमीत अंतर नावाची गोष्टच नव्हती. जुन्नरला शिकायला होतो तेव्हा पहिल्या दिवशी वस्तादांनी मला हौद्यात उभं केलं, दोन मुठी लाल माती माझ्या पाठीला चोळली आणि वर एक सणसणीत थाप मारली. ती थाप म्हणजे आशीर्वाद. मला ती इतकी आवडली की तालीम मी त्या दिवशीच धरली. आमच्या घराबाहेरच्या कुणी माझ्या पाठीवर असा बेधडक हात ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नाही. वाटलं ते पुढं, आणि तेही आईमुळं.

जिम काढल्यावर मी तीच थाप वरच्या मजल्यावर आणली. एका बँकेतले साहेब पहिल्यांदा दहा बैठका नीट काढून उठले. मी खूश होऊन मागून थाप मारली. साहेबांचा चष्मा उडाला. ते शांतपणे म्हणाले, "मिस्टर साळवे, मला हात लावायचा नाही." आणि पुन्हा आले नाहीत. मला राग आला नाही, कुतूहल वाटलं. एकाच हाताचा एकाला आशीर्वाद लागतो आणि दुसऱ्याला मार, हे कसं काय? तेव्हापासून माझी ही खोड सुरू झाली.

मग दिसायला लागलं. आमच्याकडं पोखरकर शेठ यायचे. कांद्याचे आडते, पोट सुटलेलं, मनानं मोकळे. ते बोलताना इतके जवळ यायचे की त्यांनी तंबाखू कोणती खाल्ली ते कळायचं. मी एकदा विचारलं, "शेठ, थोडं लांबून बोललं तर चालत नाही का?" ते म्हणाले, "सर, आमच्या वडलांच्या टायमाला भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. लांबून बोलला त्यो आडत्या कसला!" लिलाव उघड्यावर सुरू होऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा पाय काही मागं सरकला नव्हता.

याउलट शकीलभाई. जुन्नरचा वेल्डिंगवाला माणूस, आमची निम्मी मशिनं त्यांनीच बनवली. बेंच बसवायच्या दिवशी त्यांनी टेप काढलाच नाही. जागेवर उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि सावकाश गोल फिरले. म्हणाले, "येवढी जागा ज्याची त्याची. ह्यात दुसऱ्यानं यायचं तर विचारून." जिमच्या शिष्टाचारावर इतकं नेमकं मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. त्यांना लोखंडाचे आवाज कळायचे. खालून जिना चढतानाच सांगायचे, "सर, तुमची पुली कोरडी पडलीय." त्यासाठी ते महिन्याकाठी एक चक्कर मारायचेच.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मंगल आली.

ती तळेघरच्याही पुढच्या, डोंगरातल्या वाडीतली. वय बावीस-तेवीस, अंगानं काटक. अंगणवाडीत मदतनीस होती. पोलीस भरतीत धावण्यात पहिल्या पाचात आली, पण गोळाफेकीत मागं पडली आणि थोडक्यात हुकली. म्हणून ती नोकरी सोडून मंचरला मावशीकडं राहायला आली होती. पुढची भरती दोन महिन्यांवर होती. मावशीचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळं तिथला मुक्कामही भरतीपर्यंतच. माझ्यासमोर ताठ उभी राहून म्हणाली, "सर, पाय माझं लई भारी हायत. हात तेवढं करून द्या."

ती दाराजवळ उभी होती आणि मी टेबलापाशी. मी म्हणालो, "आत ये ना." ती म्हणाली, "हितनं ऐकू येतंय की." आवाज खणखणीत. खाली गोदामातल्या हमालानं वर बघितलं असेल.

तिच्याआधी आमच्याकडं बाई आली नव्हती. पहाटे ती शेताकडच्या रस्त्यानं धावायची आणि सातला जिममध्ये यायची. ती वेळ नेमकी पोखरकर शेठ आणि मंडळींची. पहिल्या दिवशी मी तिला बेंचवर झोपवलं, मोकळा रॉड दिला आणि मान वर करून बघतो तर पाच जण भोवती! "पोरी, कोपर आत घे." "श्वास सोड, श्वास." शेठ तर गुडघ्यावर हात ठेवून तिच्या तोंडावर वाकलेले. सगळे भले. वाईट मनात कुणाच्याच नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण तिसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

मी मावशीच्या घरी गेलो. मंगल बाहेर दगडावर बसून गव्हातले खडे काढत होती. म्हणाली, "सर, आमच्याकडं मानूस दिसला की लांबनंच हाळी देतो आमी. ह्या डोंगरावनं त्या डोंगरावर. हितं समदी येकदम कानाशीच येत्यात. मला भ्या नाय वाटत. पन ध्यान ऱ्हात नाय."

मी म्हणालो, "उद्या ये. मी बघतो." ते 'मी बघतो'च चुकलं.

त्या संध्याकाळी मी खडू घेतला आणि बेंचभोवती फरशीवर चौकोन आखला. शकीलभाईंच्या पसरलेल्या हातांपेक्षाही मोठा. सकाळी सगळ्यांना उभं करून सांगितलं, मंगल व्यायाम करत असताना रेघेच्या आत कुणी यायचं नाही, बोलायचं नाही, टक लावून बघायचं नाही. मला वाटलं होतं, कुरकुर करतील. झालं उलटंच. आमच्या माणसांना एखादी गोष्ट मनापासून पटली की ते तिचा पार शेवट गाठतात. "अगदी बरोबर, सर. आपल्या घरची पोर हाय." दुसऱ्या दिवसापासून मंगल बेंचवर झोपली की सगळी बॅच भिंतीकडं तोंड करून व्यायाम करू लागली. आरशात ती दिसते म्हणून शेठनी आरशावर आपला टॉवेल टांगला. मी सपोर्टला उभा राहायचो, पण हळूहळू मलाही संकोच वाटायला लागला. वजन हलकं असलं की मीही खिडकीशी जाऊन हायवे बघत बसायचो. आपली जिम काय शिस्तीची झालीय, या विचारानं मला बरं वाटायचं.

मंगल काही बोलली नाही. ती यायची, वजन वाढवत होती, गोळा लांब जायला लागला होता.

त्याच दिवसांत आई आली. आमचं गाव नारायणगावच्या अलीकडं. आई महिन्यातून एकदा मंचरला रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला यायची आणि परतीच्या एसटीपर्यंत जिममध्ये बसायची. त्या दिवशी ती जिना चढून आली, माझ्याकडं यायला लागली आणि रेघेपाशी थांबली.

"ही कशाची?"

मी मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्या गावात किराण्याच्या दुकानापुढं बी व्हती. खडूची न्हाई, फरशीची. त्या फरशीच्या अलीकडं आमी उभं ऱ्हायाचं. दुकानदार पुडी फेकायचा, आमी झेलायची. मला लई लांबनं झेलायची सवय व्हती."

आईच्या वडलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ती परकर-पोलक्यातली होती. हे दुकानाचं तिनं मला तोवर कधीच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "आई, ही तशी रेघ नाही गं. ही त्या मुलीच्या मानासाठी आहे."

"आसंल. तिनं मागितली का तुज्याकडं?"

मी म्हणालो, "मागायला कशाला हवी? कळतं की आपल्याला." आणि तिला चहा मागवला. ती रेघेच्या कडेकडेनं, भिंतीला हात लावत माझ्या टेबलापर्यंत आली.

भरतीला तीन आठवडे राहिले असतील. सकाळी साडेसातची वेळ. मी खिडकीशी. बॅच भिंतीकडं तोंड करून. शकीलभाई सकाळच्या गाडीनं आले होते आणि कोपऱ्यात पुलीला ग्रीस लावत बसले होते. मंगलनं त्या दिवशी आपणहून दोन्हीकडं थोड्या जास्त प्लेटा चढवल्या होत्या. मला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? सगळ्यांच्या पाठी तिच्याकडं होत्या.

एकदम काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. वळून बघतो तर शकीलभाईंच्या हातातला ग्रीसचा डबा पडलेला आणि ते रेघ ओलांडून बेंचवर वाकलेले. रॉड मंगलच्या गळ्याच्या हाडावर रुतला होता. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर हाळी देणारी मुलगी ती. शकीलभाईंनी एका बाजूनं आणि धावत येऊन मी दुसऱ्या बाजूनं रॉड उचलला. ती उठून बसली, खोकली आणि खूप वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी शकीलभाईंना विचारलं.

"चार येळा रॉड उचलला नि हुकावर ठेवला, सर. पाचव्यांदा उचलला, पन ठेवल्याचा आवाज आलाच नाय." मग भोवतालच्या माणसांकडं बघत ते म्हणाले, "तुमी समदे हितं असून कुनी बघितलं कसं नाय, ह्येच मला कळंना."

पोखरकर शेठ पुढं येऊन म्हणाले, "मला ऐकू आलं व्हतं, सर. तिचं पाय फरशीवर आपटत व्हतं. मी म्हनलं, काय झालं बघावं. मंग म्हनलं, नको, बघायचं न्हाई सांगितलंय." एवढा मोठा माणूस, पण त्यांचे डोळे भरून आले होते. आणि तेव्हा कांद्याचा हंगाम नव्हता.

मंगल बॅग घेऊन निघून गेली. मी भिजवलेलं फडकं घेतलं आणि गुडघ्यावर बसून ती रेघ पुसली. खडू लगेच निघाला. मला मात्र इतकी लाज वाटत होती की त्याच फडक्यानं मी ती फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिलो. नियम माझा, शिस्त माझी, आणि पहिली पाठ फिरवली तीही मीच. आईनं विचारलं तेव्हा चहा मागवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मावशीकडं गेलो. मंगलच्या गळ्याखाली हळदीचा लेप होता. हाड शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण आठ दिवस वजन उचलायचं नव्हतं. भरतीला उरले होते वीस दिवस. मावशी दारातच म्हणाली, "आता बास झालं तिचं." मंगल आतून बाहेर आली आणि नेहमीसारखी चार पावलं लांब उभी राहिली. मी तिची माफी मागितली. मग महिन्याभरापूर्वी विचारायचा तो प्रश्न विचारला, "तुला काय पाहिजे, ते सांग."

तिनं थोडा विचार केला. "लांब उभं ऱ्हावा, सर. पन बघत ऱ्हावा. मला बघन्याचा कदी तरास नव्हता, वाकन्याचा व्हता." आणि लगेच, "सपोर्टला कोन, ते मी सांगनार."

"सांग ना."

"त्ये शेठ."

मला वाटलं मी भलतंच ऐकलं. "पोखरकर शेठ? अगं, त्यांच्यामुळंच तर तू..."

"व्हय, पन त्यांनी ऐकलं व्हतं. बॅचमदल्या बाकी कुनी ऐकलं बी नाय."

मी हे शेठना सांगितलं तेव्हा ते आडतीवर, गोण्यांच्या गर्दीत बसले होते. त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि तांब्याभर पाण्यानं चूळ भरली. आठ दिवसांनी मंगल आली. शेठ बेंचच्या मागं उभे राहिले, पोट आत घेऊन, हात रॉडखाली एका वितीवर. दर सेटला विचारायचे, "मंगलताई, लावू का हात?" ती म्हणायची, "थांबा." ते थांबायचे. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा, पण ते पुसायला हात हलवायचे नाहीत. बाकीची बॅच आपापला व्यायाम तोंड सरळ ठेवून करायची, आणि मधून मधून बेंचकडं नजर टाकायची. आरशावरचा टॉवेल निघाला. आमच्या जिममध्ये शिष्टाचार आला तो त्या बारा दिवसांत. पाटी लावून सात-आठ वर्षं झाली होती.

भरतीच्या दिवशी आम्ही कुणीच मैदानावर गेलो नाही. तिनंच येऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि यावेळी आम्ही तिचं ऐकलं.

निवड झाल्याचं सांगायला ती पेढे घेऊन आली, तेव्हा योगायोगानं आई गोळ्या घ्यायला आलेली होती. मंगल बेंचवर बसली होती, भोवती बॅच, शेठ सगळ्यांना पेढे वाटतायत, जणू त्यांचीच निवड झाली होती. आई जिना चढून आली, माझ्याकडं निघाली आणि जिथं रेघ होती बरोबर तिथं तिचे पाय थांबले.

मी म्हणालो, "आई, रेघ पुसली मी."

"दिसतंय मला," ती म्हणाली. तरी थांबलीच. फरशी स्वच्छ होती, तिथं काही नव्हतं, आणि माझी आई त्या काही नसलेल्याच्या अलीकडं पिशवी पोटाशी धरून उभी होती. मला पुढं जाऊन तिचा हात धरावासा वाटला. पण माझं हे आपल्याच मनानं ठरवणं मी नुकतंच भोगलं होतं, म्हणून जागेवर उभा राहिलो आणि नुसता बघत राहिलो.

मंगलनं तिला पाहिलं. उठली नाही, धावली नाही. बेंचवरच एका बाजूला सरकली, मोकळ्या जागेवर हात आपटला आणि तिच्या त्या डोंगरातल्या आवाजात हाळी दिली, "आजी, हितं बसता का?"

आईनं एकदा खाली फरशीकडं बघितलं. मग पाऊल टाकलं. बेंचवर तिच्या शेजारी टेकली. मंगलनं पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं धरला आणि आईनं त्यातला एक आपल्या हातानं उचलून घेतला.